लहान मुलांतील सेप्सिस : फक्त तापाकडे बघून चालत नाही

न्यूमोनिया, जुलाब, लघवीचा संसर्ग, नाळेला झालेला पू, कधी साधी चिघळलेली जखम. सुरुवात अशी कुठूनही होते. त्या जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिसादच बिघडतो आणि हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड यांचे काम ढासळू लागते. हाच सेप्सिस. गावात 'रक्तात इन्फेक्शन गेलं' म्हणतात ते बहुधा हेच.

घरात सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरवर असते. पण नवजात बाळाचे अंग तापण्याऐवजी गार पडू शकते. 35.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले बाळही तितकेच धोक्यात असते. 'शांत झोपलंय, झोपू दे' म्हणण्याआधी त्याला जागे करून पाजून बघावे. नीट जागेच होत नसेल, अंगावर ओढत नसेल तर ती झोप नव्हे. मोठ्या मुलाचा ताप पॅरासिटामॉलने उतरतो, पण आतला संसर्ग तसाच राहतो. ताप उतरूनही मूल मलूलच असेल तर थांबू नये.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना झबले वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा जास्त (पुन्हा एकदा मोजून खात्री करावी), एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. छाती आत ओढली जाणे, कण्हणे, हातपाय थंड पडणे, कातडीवर निळसर जाळी, दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके, फिट येणे, तासन् तास लघवी न होणे हीदेखील धोक्याची चिन्हे. मुलांचा रक्तदाब अगदी शेवटी घसरतो. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना हे ओळखायला शिकवले. आधी नीट असलेल्या बाळाचे रडणे बारीक झाले का, ओढणे मंदावले का, अंग सैल पडले का, हे त्या बघत. घरीच इंजेक्शनही देत. त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशा ताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, त्याचे मूळ या कामात आहे.

शॉक असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणण्यात ती वेळ जाते. 108 कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. बाळाला उबदार गुंडाळून न्यावे आणि दवाखान्यात सरळ विचारावे, 'डॉक्टर, सेप्सिस असेल का?'