मणक्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : दीर्घकालीन जीवनगुणवत्ता

मणक्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीची पुढील अनेक वर्षांतील हालचाल, वेदना, स्वावलंबन, मनःस्थिती, कामधंदा आणि समाजातील वावर यांचा एकत्रित विचार. मोडलेले हाड बहुधा काही महिन्यांत जुळून येते. मात्र उपचार कितपत फळाला आले, याचा निवाडा एक्स-रेपेक्षा रुग्णाच्या रोजच्या जगण्यावरून करावा लागतो.

दुखापत व शस्त्रक्रिया : छातीमागचा ताठर कणा आणि कंबरेचा लवचिक कणा जिथे मिळतात, तिथले मणके अधिक वेळा मोडतात. उंचावरून पडणे आणि वाहन अपघात ही प्रमुख कारणे असून उतारवयात ठिसूळ झालेला मणका किरकोळ धक्क्यानेही दबतो. मज्जारज्जूवरील दाब काढणे आणि कण्याला स्थैर्य देणे, हे शस्त्रक्रियेचे मुख्य हेतू. मणक्यात स्क्रू बसवून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडण्याची पद्धत फ्रान्समध्ये रेमों रुआ-कामीय यांनी १९६० च्या दशकात रुजवली.

मोजमाप : १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत बसणे, उभे राहणे, वजन उचलणे, झोप, प्रवास अशा १० बाबी येतात, एसएफ-३६ या प्रश्नावलीत शारीरिक व मानसिक आरोग्याचे ३६ प्रश्न असतात. मात्र जमिनीवर मांडी घालणे किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे त्यांत विचारले जात नाही. आपल्याकडील रुग्णाला ते वेगळे विचारायला हवे.

परिणाम ठरवणारे घटक : सर्वांत मोठा वाटा मज्जातंतूंच्या स्थितीचा असतो. मज्जारज्जू शाबूत असल्यास बहुतेक रुग्ण पुन्हा हिंडूफिरू लागतात. तरी पाठदुखी, ताठरपणा, लगतच्या मणक्यांची झीज आणि क्वचित स्क्रू तुटणे किंवा सैल होणे हे त्रास वर्षांनंतरही उद्भवू शकतात. उरलेला बाक आणि वेदना यांचा संबंध मात्र बऱ्याचदा क्षीण आढळतो. अमेरिकेतील कर्कम वुड व सहकाऱ्यांनी मणक्याचा चुरा झालेल्या, पण मज्जातंतू शाबूत असलेल्या स्थिर अस्थिभंगाच्या रुग्णांची तुलना केली. २००३ च्या अहवालात शस्त्रक्रिया आणि प्लास्टर वा पट्टा यांच्या परिणामांत मोठा फरक दिसला नाही. १६ ते २२ वर्षांनंतरच्या, २०१५ मधील अहवालात शस्त्रक्रिया न झालेल्यांना वेदना कमी होत्या. रुग्णसंख्या लहान असली, तरी अशा रुग्णांत शस्त्रक्रियेचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, हा त्याचा बोध आहे. अस्थिर अस्थिभंगाला किंवा मज्जारज्जूवर दाब असलेल्या रुग्णाला तो लागू होत नाही.

मज्जारज्जूला इजा झाल्यास : पायांतील बळ गेले, एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. लघवी-शौचावरील ताबा, दाबामुळे होणाऱ्या जखमा, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्नायूंचा ताठरपणा, लैंगिक जीवन आणि नैराश्य यांकडे आयुष्यभर लक्ष द्यावे लागते. ठरावीक वेळी नळीने लघवी काढणे, बसल्या जागी वारंवार भार बदलणे आणि त्वचा रोज तपासणे, या साध्या सवयींनी जीव वाचतात.

पुनर्वसन : इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून उपचारांना व्यायाम, काम आणि खेळ यांची जोड दिली, पॅरालिम्पिक चळवळ तिथूनच उगवली. पुण्याजवळील खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र जायबंदी सैनिकांसाठी कार्यरत आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले असून सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याचे बंधनही घातले आहे. फिजिओथेरपी, वेदनेवर उपचार, समुपदेशन, ठिसूळ हाडांसाठी औषधे आणि घरात रॅम्प, कठडे व कमोड ही सोय शस्त्रक्रियेइतकीच आवश्यक आहे. म्हणून टाके निघाल्यावर उपचार संपले असे मानू नये. कामावर परतण्याची आणि घराबाहेर वावरण्याची योजना रुग्णालयातच, कुटुंबाला सोबत घेऊन आखली पाहिजे.