उताराचा वेग आणि डोंगराचा हिशेब

डोंगरवाटांवर सायकल चालवण्यावरून अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षे वाद चालू आहे आणि तो फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: माती कशाने जास्त झिजते, सायकलीच्या चाकाने की माणसाच्या बुटाने? हा प्रश्न मला अपुरा वाटतो. या खेळातला जिवाचा धोका आणि त्यातून डोंगराला होणारी इजा या दोन्हींच्या मुळाशी वेग आहे, आणि तो वेग खेळाला मागाहून चिकटलेला नाही. त्या वेगासाठीच हा खेळ जन्मला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या मरिन काउंटीचा इतिहास हेच सांगतो.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. वणवा लागला तर बंब वर नेता यावेत म्हणून डोंगरात काढलेला तो कच्चा रस्ता. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतरणारा. तरुण मंडळी ट्रकमध्ये सायकली घालून माथ्यावर जात आणि तिथून एकेक जण घड्याळ लावून खाली सुटे. सायकली म्हणजे १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, भंगारातून शोधून आणलेल्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली. बहुतेकांना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे, पेडल उलटे दाबले की लागणारा. तळ गाठेपर्यंत तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. तो उघडून, पुसून, नव्याने ग्रीस भरल्याशिवाय पुढची खेप नाही. शर्यतीचे नाव याच पुन्हा भरण्याच्या (इंग्रजीत ‘रीपॅक’) कामावरून पडले. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली, कारण न पडता खाली पोहोचलेला तो एकटाच होता. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला. वळणावळणाच्या, खडी पसरलेल्या उतारावर ही गती ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास जाते.

यानंतर सगळे भराभर घडले. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या उतारांसाठी नवी सायकल बांधली. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने घडवलेल्या सायकलींचा धंदा मांडला, १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली, आणि १९९६ मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोहोचला. मूठभरांचे वेड वीस वर्षांत जगभर गेले. डोंगर मात्र होते तेवढेच राहिले.

नियम मागून आले. अमेरिकेच्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानांत यांत्रिक वाहतुकीला बंदी केली होती. पण १९६६ मध्ये वनखात्याने त्याचा अर्थ केवळ इंजिनासारख्या निर्जीव शक्तीवर चालणाऱ्या वाहनांपुरता लावला, त्यामुळे सायकल सुटली. रीपॅकच्या शेवटच्या शर्यती झाल्या त्याच १९८४ मध्ये नियमांत सायकलीचे नाव स्पष्टपणे घालण्यात आले. चिडलेल्या सायकलस्वारांनी १९८८ मध्ये आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा की पायी चालणारे आणि घोडेस्वार जे नुकसान करतात त्याहून आम्ही जास्त करत नाही.

या म्हणण्याला खरा आधार आहे आणि तो डावलता येणार नाही. विल्सन आणि सेनी यांच्या १९९४ च्या माँटाना राज्यातल्या प्रयोगात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. ओंटारिओमध्ये थर्स्टन आणि रीडर यांनी २००१ मध्ये दाखवले की पाचशे फेऱ्यांनंतरही चालणारा आणि सायकलस्वार यांनी झाडोऱ्याचे केलेले नुकसान सारखेच भरते. पण हे माप दर फेरीचे आहे. चालणारा ज्या वेळात पाच किलोमीटर जातो, त्या वेळात सायकलस्वार पंधरा-वीस सहज जातो. यूटामधल्या अँटिलोप बेटावर टेलर आणि नाइट यांना २००३ मध्ये बायसन आणि हरणे चालणारा आणि सायकलस्वार या दोघांनाही सारखीच बिचकताना आढळली. मात्र तेवढ्याच वेळात सायकलस्वार अधिक प्रदेश पालथा घालतो, म्हणून तो अधिक जनावरांना उठवू शकतो, हेही त्याच अभ्यासकांनी नोंदवले. सायकलवाल्यांच्या बाजूने हा अभ्यास सांगितला जातो तेव्हा हे वाक्य सहसा गळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डोंगर मुळात बुलडोझरने फोडला तो रस्ते काढणाऱ्यांनी, मग सायकलींवरच राग का? मरिनमध्ये हे अक्षरशः खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जे रस्ते आधीच खरवडलेले आहेत तिथे सायकली चालू द्याव्यात. अरुंद पायवाटांवर त्यांना सोडू नये आणि चोरून नव्या वाटा पाडू देऊ नयेत. तीव्र उतारावर ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक फिरायचे थांबते आणि घसरत जाऊन जमिनीत चर पाडते. पुढच्या पावसात पाणी तो चर धरते आणि गाळ ओढ्यात नेते. मरिनमधल्या माउंट टॅमल्पायस डोंगराच्या उत्तर उतारावरचे पाणी लगुनिटास ओढ्याला मिळते. तिथे धोक्यात आलेला कोहो सॅमन अंडी घालतो आणि गाळ बसला की खड्यांमधल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. हाच डोंगर मरिनच्या लोकांना पिण्याचे पाणीही देतो.

माणसाच्या जिवाचे गणितही वेगाचेच आहे. जून २०१६ मध्ये माँटानात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक सायकलस्वार वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाने त्याचा जीव घेतला. समोरचे दिसल्यावर सावरायला त्याच्या हाती एक-दोन सेकंदच होते, असे चौकशीत निघाले. पायी असता तर त्याला आणि अस्वलाला, दोघांनाही बाजूला व्हायला वेळ मिळाला असता.

मरिनच्या पाणीपुरवठा मंडळाने आपल्या जमिनीवरच्या रुंद रस्त्यांवर सायकलींना ताशी १५ मैलांची, आणि पुढचे न दिसणाऱ्या वळणांवर ५ मैलांची मर्यादा घातली. सायकलीला हाकलून न देता तिचा वेग बांधणारा हा नियम मला या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. जिथे कुठे डोंगर सायकलींना खुले होत असतील, तिथे पहिल्या दिवसापासून तो लागू करावा.