पायाखालची नक्षी

पुण्यातील विश्रामबागवाड्यासमोर उभा राहून जो मान वर करील, त्याच्या नजरेत प्रथम भरतात ते सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब. आणि दुसऱ्या बाजीरावाने 1807च्या सुमारास दोन लक्ष रुपये खर्ची घालून उभारविलेल्या या वास्तूला अस्सल मराठी वळणाचा नमुना मानताना आपल्या सहसा ध्यानात येत नाही की, मोगल बादशहांच्या महालांत जो आकार दगडात घडला होता, तोच येथील सुतारांनी लाकडात उतरविला. आज त्याच जातीचा एखादा खांब, वाडा जमीनदोस्त झाल्यावर विकत आणून सदनिकेच्या दिवाणखान्यात उभा करतात. वरचा भार काँक्रीटची तुळई निमूटपणे वाहते आणि खांब नुसता मिरवतो. ते पाहून जुनी माणसे नाक मुरडतात, आणि खरे सांगायचे तर मीही मुरडतो. परंतु जुने वळण आणि नवे साहित्य यांचा हा संसार आजचा नव्हे, हे ज्याला पडताळून पाहायचे असेल त्याने खांबाकडून नजर काढून पायाखालच्या फरशीकडे वळवावी.

वाड्याच्या चौकात काळ्या दगडाची फरसबंदी असे, माजघरात सारवलेली जमीन. नक्षी असे ती रांगोळीची, आणि ती रोज पुसली जाई. न पुसली जाणारी नक्षी आपल्याकडे आली ती मुंबई बंदरातून, विलायती गलबतांच्या पोटात बसून. आणि गंमत अशी की, विलायतेतही ती अखंड चालत आलेली नव्हती. मध्ययुगीन मठांच्या भूमीवर दोन रंगांची माती एकीत एक भरून भाजलेल्या फरश्या बसवीत असत. मठ गेले तशी ती विद्याही लोपली. पुढे 1830 साली सॅम्युएल राइट नावाच्या कुंभाराने ती यंत्रयुगाला साजेशा रीतीने साधण्याचे पेटंट मिळविले, हर्बर्ट मिंटन याने स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आपल्या कारखान्यात ती नावारूपाला आणली, आणि जुन्या गॉथिक शैलीचा कैवारी प्यूजिन याने काढलेल्या नमुन्यांच्या फरश्या लंडनच्या नव्या पार्लमेंटगृहात जाऊन बसल्या. धुराड्यांच्या छायेत मठांची आठवण घडविण्याचा हा उद्योग होता. कुलाब्याच्या 1858 साली अभिमंत्रित झालेल्या अफगाण चर्चमध्ये विलायती फरश्या आल्या. 1872 साली उघडलेल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, मिंटनची फरसबंदी अद्याप पाहावयास मिळते.

या विलायती मालाला जे देशी उत्तर मिळाले, त्याचे द्रव्य मात्र माती नव्हते. जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 साली पेटंट घेतलेले पोर्टलंड सिमेंट हे त्या शतकातील अगदी ताजे साहित्य; त्याची भट्टीत न भाजता नुसती दाबून फरशी करण्याची युक्ती युरोपात निघाली, आणि स्वदेशीच्या प्रेरणेने फेरोजशा सिधवा यांनी 1922 साली मुंबईत भारत टाइल्स ही पेढी काढून ती येथे रुजविली. या फरशीची कृती सांगण्याजोगी आहे. लोखंडी साच्यात धातूच्या पट्ट्यांची एक जाळी बसवितात. तिच्या एकेका घरात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा पातळ काला हाताने ओततात. मग हात जराही न हलविता जाळी उचलायची, आणि येथे कारागिराचे कसब पणास लागते, कारण हात कापला की फुलाची पाकळी पानात मिसळलीच. त्यावर कोरड्या सिमेंटचा थर, मागे वाळू-सिमेंटचा जाड थर, मग यंत्राचा दाब, आणि शेवटी अनेक दिवस पाणी पाजणे. रंग असा काही मिलिमीटर खोल मुरलेला असतो, म्हणून माणसांच्या वर्दळीने ही फरशी झिजते तरी नक्षी हरवत नाही. उलट वर्षानुवर्षांच्या पावलांनी तिला तकाकी चढते.

नक्षीची योजना पाहावी तर ती गालिचाची! मध्यभागी फुलांची वेल, चहूबाजूंनी किनार, कोपऱ्यात कोपऱ्याचाच खास तुकडा. म्हणजे इराणी विणकामाचा थाट आणि पोर्टलंडचे सिमेंट यांची सोयरीक मुंबईच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या घरबांधणीत सुखाने नांदली, आणि त्या घरांत वाढलेल्यांना त्यात काही विसंगत आहे असे कधी वाटले नाही. पुढे मोझॅक आला, मग संगमरवर, मग आरशासारखी व्हिट्रिफाइड फरशी. जुनी नक्षी भिकार ठरून कुदळीखाली गेली.

आता तीच परत आली आहे, परंतु दोन वाटांनी. एक वाट जुन्या साच्यांची; दुसरी छपाईची, जीत यंत्र पोर्सेलिनच्या पाठीवर शाईने हुबेहूब तीच वेल उमटविते, जुनेपणाचे डागसुद्धा छापून देते. मिंटनही एका परीने नकलाकारच होता, हे कबूल केल्यावर या दुसऱ्या वाटेला सरसकट नावे ठेवण्याचा अधिकार मला उरत नाही. तरी डाग छापण्याची तजवीज मला मानवत नाही. डाग हा राहणाऱ्याच्या वहिवाटीचा पुरावा, तो दुकानातून रुजू कसा व्हावा?

कोणी हौशी गृहस्थ पाडकामातून खऱ्या जुन्या फरश्याच मिळवितात. त्या गोणपाटात गुंडाळून येतात, पाठीला जुन्या चुन्याची ढेकळे घेऊन, आणि निम्म्या उचलतानाच फुटलेल्या असतात. पण जे दालन डोळ्यांसमोर ठेवून किनार आखली होती, ते दालन बरोबर येत नाही. नव्या खोलीत वेल एका भिंतीशी नीट वळते आणि समोरच्या भिंतीपाशी, अर्ध्या पाकळीवर, कापली जाते.