पुण्याचे नाव, कुतचा वेढा आणि दगडावरचे आकडे

१/ इराकमध्ये तैग्रिस नदीच्या एका वळणावर कुत-अल-अमारा हे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्याची एक संपूर्ण डिव्हिजन तेथे तुर्की वेढ्यात अडकली. तिचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन. जिचे नाव तिने मिरवले, त्या पुण्याच्या आठवणीत ती कोठे आहे? #थ्रेड

२/ या डिव्हिजनचे सैन्य नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातातून फाओ येथे उतरले आणि त्याच महिन्यात बसरा पडले. पुढे जनरल टाउनशेंड यांनी बगदादकडे कूच केले. परंतु तेसिफोनच्या लढाईत प्रचंड हानी सोसून त्यांना कुतपर्यंत मागे यावे लागले. ७ डिसेंबरला वेढा आवळला गेला.

३/ आत अडकलेल्यांत तीन मराठा पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. त्यांतील शिपाई प्रामुख्याने दख्खन व कोकणातील खेड्यांतून आलेले, शेतकरी घरांतले.

४/ धान्य संपत आले तेव्हा घोडे मारले जाऊ लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. धर्मभावना होतीच, शिवाय गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याचे भय होते. धर्मगुरूंची अनुमती तारेने मागवण्यात आली, तरी उपासमार आणि स्कर्व्ही यांनी पलटणी पोखरल्या. हजारो मैलांवरचे गाव त्या खंदकांतही त्यांच्यासोबत होते.

५/ वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचे सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. अनेकांना रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. बंदिवासात हजारो मेले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि १९१७ मध्ये ‘सर’ झाले.

६/ सैन्याने आठवण जपली, ती आपल्या रीतीने. ११७व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि कुतचा बचाव युद्धसन्मानांच्या यादीत गेला. परंतु मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंट दिन येतो ४ फेब्रुवारीला, म्हणजे १६७० मध्ये सिंहगड सर झाला त्या दिवशी. उत्सव विजयाचाच होतो. वेढ्याला यादीतली एक ओळ मिळते.

७/ बसरा स्मारक हे मेसोपोटेमियातील ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र रेजिमेंटच्या नावापुढे केवळ मृतांचा आकडा आला. अशा विषमतेबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

८/ महाराष्ट्रातील खेड्यांतही हाच आकडा भेटतो. या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असे सांगणाऱ्या इंग्रजकालीन पाट्या आजही दिसतात. साताऱ्याजवळचे अपशिंगे ‘मिलिटरी’ पहिल्या महायुद्धातील आपल्या ४६ जवानांची आठवण आजही सांगते. मात्र पाटीवर नाव नसेल, तर दोन पिढ्यांनंतर आपला माणूस त्यांत कोणता, हे घरालाही उमगत नाही.

९/ आणि पुणे? कुत पडले त्याच आठवड्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. एप्रिल १९१६ म्हटले की आपल्याला तेच आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. परक्या साम्राज्यासाठी लढून हरलेल्यांना स्वातंत्र्याच्या कथेत जागा सापडणे कठीण होते. खडकीचे १९१४-१८ स्मारकही भारतात मरण पावलेल्यांचे. कुतचे मृत त्यावर नाहीत.

१०/ तथापि शिपायाने युद्धाचे धोरण ठरवले नव्हते. साम्राज्याचा गौरव न करताही त्याचे नाव उच्चारता येते. युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही आढळतो. आपल्या गावचे नाव तेथे शोधून पाहा. दगडाने ज्याचा आकडा केला, त्याला पुन्हा माणूस करण्याची सुरुवात तेथून होऊ शकते.