ताजच्या हॉलमधून गणपतीच्या मिरवणुकीत

मुलं पार्टीत नाचली की रास अल खैमातले आपण आईबाप म्हणतो, 'हे कसलं खूळ?' अहो, हे खूळ आजोबांच्या काळातलं! १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन जाझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला. पुढे तिथेच गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गाजले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने क्लबांची रया गेली. वादकांना सिनेमाचा आधार उरला. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांचं संगीत, झालरीचे शर्ट घातलेला चिकचा बँड आणि नाचायला गिरणी कामगाराचा मुलगा, भगवानदादा! ताजची पायरीही न चढलेल्यांनी ती स्टेप गणपतीच्या मिरवणुकीत नेली. क्लब गेले, नाच टिकला. पडद्यामागच्या कित्येक वादकांची नावं मात्र श्रेयनामावलीत आलीच नाहीत. नाच मुलांना आपोआप येतो. नावं आपणच सांगायला हवीत.