काढणे: ओढाताणीतून आलेलं क्रियापद

चैत्र सरत आला की ओतूर, आळेफाटा, बेल्हे या पट्ट्यात उन्हाळी कांद्याच्या माना पडतात. पात पिवळी होऊन वाफ्यात आडवी होते आणि घरोघरी बोलणं सुरू होतं, कांदा काढायला आला. याच जुन्नर तालुक्यात ऊस आणि टोमॅटो तोडतात, भात कापतात, भुईमूग उपटतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पश्चिमेकडच्या डोंगरात हिरडा झोडतात, वेचतात. कांदा मात्र काढतात. पात मुठीत धरायची आणि मातीने धरून ठेवलेला गड्डा जोर लावून वर ओढायचा. पुढे तोच कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, जातो आणि भाव चढला की पुन्हा ‘बाहेर काढला’ जातो. एकदा जमिनीतून, एकदा बराखीतून.

या क्रियापदाचं कूळ प्राकृतात आहे. पालीत ‘कड्ढति’ म्हणजे ओढतो, खेचतो. प्राकृतात ‘कड्ढइ’. सप्त, सत्त, सात किंवा हस्त, हत्थ, हात या वाटेने मराठी जशी आली, तशीच इथेही आली: जोडाक्षर सुटं झालं, आधीचा स्वर लांबला आणि ‘कड्ढ’चा ‘काढ’ झाला. गुजरातीतलं काढवुं आणि पंजाबीतलं कड्ढणा ही त्याची सख्खी भावंडं. हिंदीत ते मागे हटलं, तिथे बहुतेक कामं ‘निकालना’ने घेतली. आपला औषधी काढा मात्र या घरातला नाही. तो ‘क्वाथ’पासून आला, त्याचं नातं कढण्याशी, उकळण्याशी आहे.

‘कड्ढ’च्या मागे काय होतं, हा प्रश्न अवघड आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘कृष्’ धातूच्या जागी येणाऱ्या रूपांत ‘कड्ढ’ सांगितलं. कृष् म्हणजे ओढणे, नांगरणे. कर्षण, आकर्षण, कृषी हे सगळे त्याच धातूचे शब्द. पण ‘कृष्’पासून ‘कड्ढ’ नेहमीच्या ध्वनिनियमांनी सरळ निघत नाही. त्यामुळे हा शब्द संस्कृताच्या कुशीतला नसून लोकांच्या बोलण्यातूनच वर आलेला देशी शब्द असावा, असंही म्हणता येतं. मला ही दुसरी बाजू अधिक पटते. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि जुन्नरभोवतीच्या लेण्यांतले दानलेख ज्या प्राकृतात कोरले आहेत, ती भाषा इथल्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना कळणारी होती. ओढण्या-खेचण्यासारख्या कष्टाच्या कामांचे शब्द अशाच माणसांच्या तोंडी घडतात.

हेमचंद्राने लावलेली ‘कृष्’ आणि ‘कड्ढ’ ही जोडी अर्थाच्या बाजूने किती जवळची आहे, हे पाहायचं तर सातगाव पठारावर जावं. आंबेगावच्या या पठारावर पावसाळी बटाटा होतो. तो काढताना सरीत नांगर घालतात, माती उलटते आणि मागून बाया बटाटे वेचत येतात. नांगरणं आणि काढणं तिथे एकाच तासात घडतं.

ओढण्याचा हा जोर अर्थ बदलत गेला तरी शब्दाने सोडला नाही, आणि मला या कुळकथेत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. ‘दिवस घालवले’ आणि ‘दिवस काढले’ यांत फरक आहे. घालवलेले दिवस आपोआप जातात, काढलेले दिवस ओढून पुढे न्यावे लागतात. म्हणून जुनी माणसं ‘बहात्तरचा दुष्काळ काढला’ असं सांगतात, ‘पाहिला’ म्हणून थांबत नाहीत. खडी फोडायच्या कामावर जाऊन, मिलो ज्वारी खाऊन जगलेल्या माणसाला दुसरं क्रियापद पुरत नाही. त्याहून कठीण प्रयोग म्हणजे दुखणं अंगावर काढणं. दवाखाना लांब, हातात पैसे नाहीत, कांद्याची लागण तोंडावर, म्हणून बाई ताप अंगावर काढते. इथे बाहेर काही येत नाही. ओढणं तेवढं उरतं, आणि ज्याच्यावर जोर पडतो ते तिचंच शरीर असतं. ‘सहन करणे’ हा याचा समानार्थी शब्द म्हणून कोशात शोभेल, पण त्यात हे अंग नाही.

३० जुलै २०१४ ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस बातमीत आणि गावोगावच्या बोलण्यात एकच क्रियापद होतं: आज इतक्यांना काढलं. पाऊस थांबत नव्हता, चिखल धरून ठेवत होता. शब्दाचा मूळ अर्थ तिथे जसाच्या तसा उभा होता.

आता दुसरी शाखा. पोटातली वस्तू बाहेर आणायची ती काढणे, मग नसलेली वस्तू अस्तित्वात आणायची तीही काढणे. रांगोळी काढतात, चित्र काढतात, आवाज काढतात, शाळा काढतात, पतसंस्था काढतात. नारायणगावात हा अर्थ विशेष रुळलेला आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात ‘स्वतःचा फड काढला’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यात कलावंतांना उचल देणं आलं, त्यासाठी कर्ज काढणं आलं, ट्रक आणि तंबू आले. कर्ज काढून फड काढायचा, आणि दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच.

इंग्रजीत असं काम क्रियापदाच्या शेपटाला जोडलेले आउट, ऑफ, अप, बॅक हे शब्द करतात. ‘टेक’ तेच राहतं, पुढचा शब्द बदलला की अर्थ पालटतो. मराठी हेच दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. काढून टाकलं म्हणजे नकोसं होतं, काढून घेतलं म्हणजे दुसऱ्याच्या हातून हिसकलं, काढून ठेवलं म्हणजे कुणासाठी तरी जपलं, काढून दिलं म्हणजे शोधून हवाली केलं. सासरहून आलेल्या लेकीसाठी काढून ठेवलेली भाकरी आणि कामावरून काढून टाकलेला गडी यांच्यात फक्त एका छोट्या क्रियापदाचं अंतर आहे. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी कँडी बंधू १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश करताना, आणि पुढे १८५७ च्या वाढवलेल्या आवृत्तीत, अशा क्रियापदांशीच झुंजले असणार. नामाचा अर्थ एका ओळीत सांगता येतो. काढण्यासारख्या क्रियापदाला मात्र सोबतचं नाम दाखवल्याशिवाय अर्थच देता येत नाही: धार, दृष्ट, खोडी, समजूत, वचपा, काटा.

या सगळ्यांत ‘नाव काढणे’ मला फार आवडतं. पोरानं घराण्याचं नाव काढलं म्हणजे कीर्ती केली. ‘त्याचं नाव काढू नका’ म्हणजे त्याचा उच्चारही नको. आई-बाप काढले म्हणजे शिवी दिली. आठवण काढली म्हणजे माया. पुरून ठेवलेलं वर आणणं हे चारही ठिकाणी सारखंच आहे. वर आलेल्या गोष्टीचं काय होणार, हे ऐकणाऱ्या माणसांवर ठरतं.

नवी कामं आली तरी शब्द मागे राहिला नाही. सातबारा काढतात, बँकेतून पैसे काढतात, आधार काढतात, मोबाईलवर फोटो काढतात. मंचरच्या बाजारात विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडली की शेतकरी आधी खर्च काढतो, मग उरलेल्यातून उधारी. आणि पट्टी तोट्याची आली तर ‘खर्चही निघाला नाही’ असं म्हणतो. काढणे आणि निघणे ही जोडी अशी आहे. काढणं माणसाच्या हातात, निघणं नाही. ‘एकरी किती निघाला?’ हा प्रश्न म्हणूनच काढणी उरकल्यावर विचारतात, आधी विचारत नाहीत.