जायफळाची बेटे

पुरणात जायफळ किसून घातल्याशिवाय आपल्याकडे सणाचा स्वयंपाक पुरा होत नाही. बाळाच्या गुटीतही त्याचा एखादा वेढा पडतोच. पण हे फळ मूळचे कुठले, आणि त्याच्यापायी केवढा अनर्थ घडला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

शिक्षक बंधुभगिनींनी यासाठी आग्नेय आशियाचा नकाशा भिंतीवर टांगावा. जावा बेटावरून बोट पूर्वेकडे न्यावे. सुलावेसी बेट मागे टाकले की सेराम नावाचे बेट लागते. त्याच्या दक्षिणेला अथांग समुद्रात सांडलेल्या मोहरीसारखे काही ठिपके दिसतील. हीच बांदा बेटे. सावंतवाडीजवळच्या आपल्या बांद्याशी त्यांचे नावापुरतेच साम्य! आज ती इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात मोडतात. नैरा, लोंथोर, आय, रुण अशी दहा-अकरा चिमुकली बेटे. आणि त्यांच्यात गुनुंग आपी, म्हणजे अग्निपर्वत, हा जागा ज्वालामुखी. १९८८ साली त्याचा स्फोट झाला होता.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला अवघ्या साडेचार अंशांवर ही बेटे आहेत. तेव्हा पाऊस भरपूर, हवा उबदार आणि दमट. ज्वालामुखीच्या राखेने जमीन कसदार झालेली, शिवाय पाणी धरून न ठेवणारी. कनारी नावाचे उंच वृक्ष जायफळाच्या झाडावर सावली धरतात. रानातली मोठी कबुतरे फळ गिळतात आणि बी दूरवर टाकतात. फळ पिकले की आपोआप उकलते. आत लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. तिच्या आत कठीण कवच आणि कवचात जायफळ. म्हणजे एकाच फळात दोन मसाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत साऱ्या जगाला जायफळ पुरवीत होती ती ही एवढीशी बेटे.

आता इथले लोक कसे होते ते पाहा. त्यांना राजा नव्हता. 'ओरांग काया' नावाची वडीलधारी, प्रतिष्ठित माणसे गावचा कारभार पाहत. पण इथे पोटापुरते धान्य पिकत नसे. जायफळ द्यावे आणि शेजारच्या बेटांवरचा साबुदाणा, जावाचा तांदूळ, गुजरातचे व कोरोमंडल किनाऱ्याचे कापड घ्यावे, असा त्यांचा व्यवहार होता. समुद्र मोकळा होता तोवर या व्यवहारात काही उणे पडले नाही.

इ.स. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि पुढच्याच वर्षी त्यांची जहाजे बांदाला आली. पण खरे संकट आले ते डचांच्या रूपाने. १६०२ साली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिने करार पुढे केले : जायफळ विकायचे ते फक्त आम्हालाच, आणि आम्ही ठरवू त्या भावाने. बदल्यात पुरेसे अन्न आणि उपयोगाचे कापड मात्र त्यांच्याकडून मिळेना. मग बांदाच्या लोकांनी जावाच्या, इंग्रजांच्या व्यापाऱ्यांना माल विकला तर नवल ते काय? १६०९ मध्ये डचांनी नैरावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा बेटकऱ्यांनी त्यांचा नौदलप्रमुख व्हर्हूफ याला ठार केले.

त्याचा सूड १६२१ साली घेतला गेला. गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून मोठे आरमार घेऊन आला. चव्वेचाळीस पुढाऱ्यांचा शिरच्छेद झाला. कित्येक डोंगरात उपासमारीने मेले, कित्येकांना गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले जेमतेम हजारभर उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काही जण पळून काई बेटांवर गेले. बांदाची मूळ भाषा आज त्यांच्याच वंशजांच्या तोंडी आहे. खुद्द बांदावर ती राहिली नाही.

ओसाड बागांचे तुकडे पाडून ते कंपनीने आपल्या माणसांना दिले आणि राबायला गुलाम आणले. बी दुसरीकडे रुजू नये म्हणून जायफळे चुन्यात बुडवून विकली जात. रुण बेटावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी तो सोडला, आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा आपला हक्क सोडला. तेच मॅनहॅटन आज न्यूयॉर्क शहराचे काळीज आहे!

पण झाडाला कुंपण किती दिवस घालणार? १७७० च्या सुमारास प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने रोपे मॉरिशसला नेली. पुढे इंग्रजांनी ती पेनांगला नेली, आणि पाहता पाहता जायफळ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या ध्वजावर जाऊन बसले. आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत ते आज पिकते आहे.

तेव्हा दोष जायफळाचा नव्हे. ज्या जमिनीत एकच नगदी पीक आहे, ज्या घरचे अन्न दुसऱ्याच्या गलबतातून येते आणि ज्या मालाला गिऱ्हाईक एकच उरते, तिथे निसर्गाची श्रीमंतीच गळफास होऊन बसते. भूगोलाने बांदाला धन दिले. ते कुणाच्या घरी जायचे हे मात्र बाजाराने आणि तोफेने ठरवले. मुलांना नकाशावरचे हे ठिपके दाखवाल, तेव्हा 'इथे काय पिकते?' एवढेच विचारून थांबू नका. 'पिकवणाऱ्याच्या हाती काय उरते?' हेही विचारा.